हृदयाची वाट दाखविणारा : डॉ. वेर्नर फोर्समान

आजारी माणसाच्या उशाशी बसून वैद्यबुवा प्रथम त्याचा हात हाती घेत, अंगठ्याच्या मुळापाशी मनगटावर तीन बोटे टेकवीत आणि क्षणभर डोळे मिटून स्तब्ध राहत, हे दृश्य आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस चांगले परिचित होते. बसवकल्याण असो, भालकी असो, औराद असो की आळंद असो, नाडी पाहिल्यावाचून औषधाची पुडी बांधणाऱ्या वैद्यावर आपल्या भागात कोणी विश्वास ठेवला नसता. मनगटावर उडणारी ही नाडी म्हणजे हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रक्तवाहिनीतून धावत येणारी लाट होय. हृदय छातीच्या पिंजऱ्यात दडलेले असले, तरी त्याचा निरोप मनगटापर्यंत येतो, हे प्राचीन वैद्यांनी ओळखले होते.

परंतु निरोप जेथवर येतो, तेथून उलट चालत गेल्यास निरोप धाडणाऱ्याच्या घरी पोहोचता येईल, हा विचार मात्र फार अलीकडचा आहे. आज हृदयविकाराने पीडित रुग्णाच्या मनगटावर, जेथे वैद्य बोटे ठेवीत नेमके त्याच ठिकाणी, डॉक्टर सुईने एक बारीकसे छिद्र घेतात. त्यातून सुतळीहून थोडी जाड अशी लवचिक नळी आत सरकवितात आणि पडद्यावर क्ष-किरणांचे चित्र पाहत पाहत तिला थेट हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या मुखाशी नेऊन पोहोचवितात. तुंबलेली वाहिनी तेथेच मोकळी करण्यात येते. रुग्ण जागा असतो, छाती उघडावी लागत नाही आणि पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो आपल्या पायांनी घरी जातो. हा चमत्कार एका माणसाचा नाही. अनेकांचे श्रम त्यात आहेत. तथापि जिवंत माणसाच्या हृदयापर्यंत हाताच्या वाटेने नळी नेता येते आणि तरीही माणूस जगतो, हे ज्याने स्वतःच्या देहावर सिद्ध करून दाखविले, तो पंचविशीच्या उंबरठ्यावरील एक तरुण जर्मन डॉक्टर होता. त्याचे नाव वेर्नर फोर्समान. त्याच्या जीवनाची कहाणी जितकी रोमहर्षक, तितकीच विचार करावयास लावणारी आहे.

वेर्नरचा जन्म २९ ऑगस्ट १९०४ रोजी बर्लिन शहरात झाला. वडील ज्यूलियस फोर्समान हे कायद्याचे पदवीधर होते. घरची स्थिती साधारण बरी होती. पण वेर्नर पुरता १० वर्षांचाही झाला नसताना पहिले महायुद्ध पेटले आणि त्या युद्धात वडील कामी आले. एकुलत्या एका मुलाचा भार आईवर पडला. तिने एका कचेरीत नोकरी धरली आणि घराची व मुलाची काळजी आजीने वाहिली. पराभूत देशातील ते दिवस मोठे कठीण होते. अन्नधान्याची टंचाई आणि चलनाची घसरण यांमुळे मध्यम स्थितीतील कुटुंबे हवालदिल झाली होती. अशाही परिस्थितीत वेर्नरचे शिक्षण खंडित झाले नाही, याचे श्रेय त्या दोन कष्टाळू स्त्रियांना दिले पाहिजे. आप्तांपैकी एक गृहस्थ खेडेगावी डॉक्टर होते. त्यांच्याकडे जाता-येता या मुलाच्या मनात वैद्यकीच्या व्यवसायाविषयी ओढ निर्माण झाली. १९२२ साली त्याने बर्लिन विद्यापीठात वैद्यकशास्त्राच्या अभ्यासास प्रारंभ केला.

त्या काळी शल्यविशारदांना पोटाची, हातापायांची, किंबहुना कवटीचीही शस्त्रक्रिया करण्याचा धीर आला होता; पण हृदयाच्या वाटेस जाण्यास कोणी सहसा धजावत नसे. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडल्यास ३०० वर्षे होत आली होती. १८९६ साली फ्रँकफुर्ट येथे लुडविग रेन यांनी हृदयावरील जखमेस टाके घालून एका तरुणाचे प्राण वाचविले होते. तरीसुद्धा हृदय हे अस्पर्श्य इंद्रिय आहे, त्यास बाहेरची वस्तू लागताच ते थांबेल, अशी सर्वसाधारण समजूत कायम होती. रुग्ण अत्यवस्थ झाला म्हणजे कधी कधी छातीतून लांब सुई थेट हृदयात खुपसून औषध टोचीत. त्यात सुईने फुप्फुसास किंवा हृदयाच्या वाहिनीस इजा होण्याचा धोका फार मोठा असे. बुडत्याला वाचविताना त्याचाच गळा आवळावा, तसा तो प्रकार होता.

विद्यार्थिदशेत वाचलेल्या एका पुस्तकातील चित्राने या तरुणाच्या मनात घर केले होते. १८६१ च्या सुमारास शोव्हो आणि मारे या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी घोड्याच्या मानेतील शिरेतून एक नळी त्याच्या हृदयात सोडली होती आणि हृदयातील दाब मोजला होता. घोडा उभाच्या उभा होता. त्यास काही अपाय झाला नव्हता. वेर्नरच्या मनात आले की, जे घोड्यास साधते, ते माणसास का साधू नये? आणि मानेऐवजी हाताच्या कोपराच्या खळगीतील शिरेतून का जाऊ नये? ही शीर त्वचेलगत असते, डोळ्यांना दिसते आणि तिला सुई टोचणे हे डॉक्टरांचे रोजचेच काम आहे.

येथे थोडे थांबून शरीरातील वाटांची ओळख करून घेतली पाहिजे. आपल्या देहात रक्तवाहिन्या दोन प्रकारच्या आहेत. अशुद्ध रक्त हृदयाकडे परत आणणाऱ्या त्या नीला, अर्थात शिरा. आणि शुद्ध रक्त हृदयाकडून सर्वांगास पोहोचविणाऱ्या त्या रोहिण्या, अर्थात धमन्या. (फुप्फुसाकडील वाहिन्यांत हा प्रकार उलटा आहे, एवढाच अपवाद.) शिरांची रचना आपल्या ओढ्या-नद्यांसारखी असते. कारंजा नदीत टाकलेले पान वाहत वाहत मांजरेला मिळते आणि मांजरेबरोबर गोदावरीत जाते. त्याप्रमाणे हातातील शिरेत शिरलेली वस्तू मोठमोठ्या शिरांतून शेवटी हृदयाच्या उजव्या कप्प्यात जाऊन पोहोचते. धमन्यांची रचना मात्र कारंजा धरणाच्या कालव्यांसारखी आहे. धरणातून मुख्य कालवा निघतो, त्याचे फाटे होतात, फाट्यांच्या चाऱ्या होतात आणि पाणी शेतात जाते. शेतातल्या चारीपासून उलट चालत निघालेला माणूस न चुकता धरणाच्या दाराशी येऊन ठेपतो. वेर्नर फोर्समान यांनी पहिली वाट, म्हणजे नदीची, चालून दाखविली. दुसरी वाट, म्हणजे कालव्याची, पुढील पिढ्यांनी चोखाळली.

१९२९ साली फोर्समान बर्लिनच्या ईशान्येस असलेल्या एबर्सवाल्डे या गावच्या रुग्णालयात शिकाऊ शल्यविशारद म्हणून रुजू झाले. तेथील प्रमुख डॉ. रिखार्ड श्नायडर हे त्यांच्या कुटुंबाचे स्नेही होते. फोर्समान यांनी आपला बेत त्यांच्या कानी घातला आणि प्रयोगाची अनुमती मागितली. श्नायडर यांनी ती साफ नाकारली. रुग्णावर प्रयोग करावयाचा नाही आणि स्वतःवर तर मुळीच नाही, असे त्यांनी बजाविले. एका विधवा मातेचा एकुलता मुलगा आपल्या रुग्णालयात प्राणास मुकला, तर तिला तोंड कसे दाखवावे, ही त्यांची चिंता होती आणि ती अवाजवी नव्हती.

परंतु तरुणाचा निश्चय ढळला नाही. प्रथम त्यांनी एका सहकारी डॉक्टरास राजी केले. त्याने फोर्समान यांच्या कोपराच्या शिरेतून नळी सुमारे ३५ सेंटिमीटर आत सारली. पण तेवढ्यावर त्याचा धीर खचला आणि प्रयोग अर्धवट राहिला. एका आठवड्यानंतर फोर्समान यांनी कोणाही डॉक्टरास न सांगता काम तडीस नेण्याचे ठरविले. त्यासाठी लागणारी उपकरणे शस्त्रक्रियागृहाच्या कपाटात कुलुपात असत आणि किल्ली गेर्डा डिट्झेन या परिचारिकेकडे असे. पुढे घडलेली हकीकत फोर्समान यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात सविस्तर सांगितली आहे.

डिट्झेनबाई हुशार व कामात वाकबगार होत्या. फोर्समान यांनी त्यांना आपली कल्पना समजावून दिली. ती त्यांना इतकी पटली की, प्रयोग माझ्यावरच करा, असा आग्रह त्यांनी धरला. फोर्समान यांनी वरकरणी होकार दिला. दुपारच्या निवांत वेळी, रुग्णालयात सामसूम असताना, डिट्झेनबाईंना मेजावर निजविण्यात आले आणि हात-पाय पट्ट्यांनी बांधण्यात आले. मग त्यांच्या हातास औषध लावण्याचे सोंग करीत करीत फोर्समान यांनी आपल्या स्वतःच्या डाव्या कोपरास बधिर करणारी सुई टोचली. हात बधिर झाल्यावर त्यांनी त्वचेस छेद घेतला, शीर मोकळी केली आणि मूत्रमार्गाच्या तपासणीसाठी वापरण्यात येणारी एक बारीक, तेल लावलेली नळी तीत सारावयास सुरुवात केली. बाईंच्या लक्षात हा प्रकार आला, तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांच्या पट्ट्या सोडून फोर्समान यांनी त्यांना क्ष-किरण विभागात वर्दी देण्यास सांगितले.

नळी अजून हृदयात पोहोचली नव्हती. हातातून लोंबणारी ती नळी तशीच धरून हा तरुण डॉक्टर जिने उतरून क्ष-किरणांच्या खोलीकडे चालत गेला. तेथे पडद्यापुढे उभे राहून, परिचारिकेने समोर धरलेल्या आरशात पाहत, त्यांनी नळी हळूहळू पुढे सरकविली. एवढ्यात बातमी कळून त्यांचा सहकारी धावत आला आणि नळी ओढून काढू लागला. फोर्समान यांनी त्यास कसेबसे दूर सारले. नळी ६५ सेंटिमीटर आत गेली आणि तिचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात जाऊन ठेपल्याचे आरशात स्वच्छ दिसले. तत्क्षणी छायाचित्र घेण्यात आले. वेदना म्हणाव्या तशा झाल्याच नाहीत. आत किंचित उष्णता तेवढी जाणवली. हृदय थांबले नाही, अडखळलेही नाही. शतकानुशतकांची एक भीती त्या छायाचित्राने खोटी ठरविली.

श्नायडर प्रथम अतिशय संतापले. पण छायाचित्र पाहिल्यावर आपल्या हाताखालच्या या हट्टी तरुणाने काय साधले आहे, हे त्यांनी ओळखले आणि ते प्रसिद्ध करण्यास उत्तेजन दिले. मरणोन्मुख झालेल्या एका स्त्रीला या नळीवाटे औषध देऊन पाहण्याची संधीही फोर्समान यांना मिळाली. तिला थोडा वेळ बरे वाटले, पण प्राण वाचले नाहीत. १९२९ च्या नोव्हेंबरात त्यांचा निबंध एका जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला.

आता सर्वत्र कौतुक होईल, अशी त्यांची कल्पना असणे स्वाभाविक होते. घडले ते निराळेच. वृत्तपत्रांनी या प्रयोगाचा सवंग गाजावाजा केला. विद्वानांनी नाके मुरडली. असेच काही आपण १९१२ सालीच करून चुकलो होतो, असा दावा एका नामांकित डॉक्टराने केला; त्यांच्या प्रयोगात मात्र नळी कोठवर गेली याचे क्ष-किरण छायाचित्र नव्हते. फोर्समान त्या वेळी बर्लिनच्या प्रख्यात शारिटे रुग्णालयात विनावेतन काम करू लागले होते. तेथील प्रमुख फर्डिनांड झाउअरब्रुख हे जर्मनीतील शल्यविशारदांचे मुकुटमणी समजले जात. असले खेळ सर्कशीत शोभतात, प्रतिष्ठित रुग्णालयात नव्हे, अशा आशयाची संभावना करून त्यांनी या तरुणास निरोप दिला.

फोर्समान एबर्सवाल्डेस परत आले; पण स्वस्थ बसले नाहीत. नळीतून विशिष्ट द्रव सोडल्यास हृदयाचा अंतर्भाग क्ष-किरणांत दिसू शकेल, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यासाठी त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. प्रयोगशाळा नव्हती, पैसा नव्हता. कुत्री त्यांच्या आईच्या घरी ठेवलेली असत. भूल देऊन, पोत्यात घालून, मोटारसायकलवरून फोर्समान त्यांना रुग्णालयात नेत. कुत्र्यांच्या हृदयाची चित्रे मिळाली, तेव्हा त्यांनी तो द्रव नळीवाटे पुन्हा आपल्याच हृदयात सोडून पाहिला. त्या काळची यंत्रे अपुरी होती. मनुष्याच्या हृदयाचे स्पष्ट चित्र काही उमटले नाही. वारंवार नळी घातल्याने हातापायांच्या शिरा निकामी होऊ लागल्या. उत्तेजन कोठूनच मिळेना. शेवटी त्यांनी हृदयाचा नाद सोडून मूत्रविकारांच्या शस्त्रक्रियेचा व्यवसाय पत्करला. १९३३ साली एल्स्बेट एंगेल या डॉक्टर स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांना सहा अपत्ये झाली.

चरित्र लिहिताना नायकाचे गुण तेवढे सांगावेत आणि दोष झाकावेत, अशी एक रीत आहे. ती येथे पाळता येणार नाही. ज्या पुरुषाने स्वतःच्या प्राणाची पर्वा न करता एवढे धाडस केले, तोच पुरुष १९३२ साली नाझी पक्षाचा सभासद झाला. या पक्षाने जर्मनीवर आणि साऱ्या युरोपवर कोणते अनर्थ ओढविले, हे आपण इतिहासात वाचतो. दुसऱ्या महायुद्धात फोर्समान सैन्यात डॉक्टर होते. युद्धाच्या शेवटी ते अमेरिकन सैन्याच्या कैदेत सापडले. सुटून आल्यावर पक्षाच्या सभासदत्वामुळे काही वर्षे त्यांना व्यवसाय करण्यास बंदी झाली. ब्लॅक फॉरेस्ट नावाच्या डोंगराळ प्रदेशातील एका खेड्यात त्यांच्या पत्नी डॉक्टरकी करून संसार चालवीत. फोर्समान कधी लाकूडतोड्याचे काम करीत, कधी पत्नीस मदत करीत. १९५० साली बाट क्रॉइट्स्नाख या गावी मूत्रविकारतज्ज्ञ म्हणून ते पुन्हा स्थिर झाले. देहाचे धैर्य आणि विवेकाचे धैर्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांच्या आयुष्यावरून कळून येते. पहिले त्यांच्याजवळ विपुल होते; दुसरे ऐन कसोटीच्या वेळी उणे पडले.

इकडे जर्मनीत जे बीज तुडविले गेले, ते समुद्रापलीकडे अंकुरले. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स हे दोन डॉक्टर हृदय व फुप्फुस यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करीत होते. हृदयातील रक्ताचा नमुना मिळाल्यावाचून त्यांचे गणित सुटत नव्हते. त्यांनी फोर्समान यांचा निबंध वाचला, आधी प्राण्यांवर प्रयोग केले आणि १९४० नंतर ही पद्धती रुग्णांच्या तपासणीस सुरक्षितपणे लागू केली. हृदयाच्या झडपांचे दोष, जन्मजात व्यंगे, फुप्फुसातील दाब अशा कितीतरी गोष्टी त्यामुळे प्रथमच मोजता येऊ लागल्या. १९५६ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक कूर्नां, रिचर्ड्स आणि फोर्समान या तिघांना मिळून देण्यात आले. ज्याला सर्कशीची वाट दाखविण्यात आली होती, तो ५२ वर्षांचा आडगावचा डॉक्टर एका दिवसात जगप्रसिद्ध झाला. पण मधल्या २७ वर्षांत शास्त्र फार पुढे गेले होते आणि त्या शास्त्रात फोर्समान यांना आता स्थान घेणे शक्य नव्हते. १९५८ मध्ये ते ड्युसेलडॉर्फ येथील एका रुग्णालयात शल्यविभागाचे प्रमुख झाले. १ जून १९७९ रोजी शॉप्फहाइम येथे हृदयाच्या विकारानेच त्यांचा अंत झाला.

त्यांच्या मृत्यूपूर्वी आणि नंतर ही वाट किती दूरवर गेली, ते आता पाहू. फोर्समान यांची नळी शिरेतून हृदयाच्या उजव्या भागात गेली होती. परंतु हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या ज्या दोन वाहिन्या आहेत, त्या महाधमनीच्या मुळाशी फुटतात. तेथे जावयाचे तर धमनीतूनच, म्हणजे कालव्याच्या वाटेनेच जावे लागते. १९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स यांनी दंडाच्या धमनीतून नेलेली नळी अनपेक्षितपणे अशा एका वाहिनीच्या मुखात शिरली आणि तिचे पहिले स्वच्छ चित्र मिळाले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंटसिग यांनी नळीच्या टोकाशी बसविलेला इवलासा फुगा फुगवून अशी वाहिनी आतून रुंद केली. हीच ती अँजिओप्लास्टी. पुढे १९८६ पासून वाहिनी पुन्हा आकसू नये म्हणून जाळीदार धातूची नळी, म्हणजे स्टेंट, आत बसविण्यास प्रारंभ झाला.

या सर्व काळात डॉक्टर बहुधा जांघेतील धमनीतून आत जात. ती धमनी जाड असल्याने काम सोपे होई. पण ती खोल असते. नळी काढल्यावर तेथून रक्त वाहू लागले, तर ते पोटाच्या मागील पोकळीत साचत राहते आणि वेळीच कळत नाही. म्हणून रुग्णास तासन् तास पाय न हलविता उताणे पडून राहावे लागे. मनगटाची धमनी बारीक, साधारण २ ते ३ मिलिमीटर रुंदीची. पण ती त्वचेच्या लगत आणि हाडाच्या वर असते. तिच्यावर पट्टा आवळला की रक्त थांबते. शिवाय तळहातास रक्त पुरविणारी दुसरी धमनी करंगळीच्या बाजूस असतेच. त्यामुळे एकीत अडथळा आला तरी हात सहसा धोक्यात येत नाही. या दोन्ही धमन्या दाबून, तळहात पांढरा पडल्यावर एकीवरील दाब सोडून, हातास लाली परत येते की नाही ते पाहण्याची एक साधी परीक्षा एडगर ॲलन या अमेरिकन डॉक्टराने सांगितली होती. आणि योगायोग असा की, तेही साल १९२९ हेच होते.

१९८९ साली कॅनडातील माँट्रियल येथील ल्यूसिएँ काँपो यांनी १०० रुग्णांच्या हृदयाच्या वाहिन्यांची तपासणी मनगटाच्या धमनीतून करून अनुभव प्रसिद्ध केला. १९९२ साली ॲम्स्टरडॅम येथे फर्डिनांड कीमेनाय यांनी त्याच वाटेने अँजिओप्लास्टी केली. आरंभी पुष्कळांनी शंका घेतली. बारीक धमनी नळीभोवती आवळून धरते, कधी ती पुढे बंद होते, शिकावयास वेळ लागतो, हे आक्षेप खोटे नव्हते. परंतु हजारो रुग्णांच्या तुलनात्मक पाहण्यांवरून या वाटेने रक्तस्राव कमी होतो, असे आढळून आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका पाहणीत ७,००० हून अधिक रुग्ण होते. आता अनुभवी हातांनी शक्य तेथे मनगटाचीच वाट प्रथम निवडावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.

आपल्या सीमाभागास या गोष्टीचे महत्त्व विशेष आहे. छातीत कळ आलेल्या माणसास घेऊन हैदराबाद किंवा सोलापूर गाठावयाचे म्हणजे रस्त्यात किती वेळ मोडतो, हे येथील कित्येक कुटुंबांनी अनुभवले आहे. तुंबलेल्या वाहिनीपलीकडील हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत असतो. म्हणून अंतर हाच येथे मोठा शत्रू आहे. बेंगळूरच्या श्री जयदेव हृदयरोग संस्थेच्या कलबुर्गी येथील शाखेची ३७१ खाटांची इमारत डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा हे अंतर आपल्या भागातील अनेकांसाठी पुष्कळ कमी झाले. पण रुग्णालय जवळ आले तरी तेथे वेळेवर जाणे आपल्या हाती आहे. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ अशी चिन्हे दिसल्यास ती पित्ताची समजून रात्र काढू नये, एवढे तरी प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या वडीलधाऱ्यांना सांगावे.

विद्यार्थी मित्रहो, फोर्समान यांचे अनुकरण करा, असा उपदेश या चरित्रावरून कोणी काढू नये. वरिष्ठांची आज्ञा मोडून आणि विश्वासाने पुढे आलेल्या परिचारिकेस फसवून त्यांनी आपले काम साधले. आज असा प्रयोग कोणास करू दिला जाणार नाही आणि ते योग्यच आहे. नाझी डॉक्टरांनी असहाय कैद्यांवर केलेल्या अमानुष प्रयोगांबद्दल न्यूरेंबर्ग येथे खटला चालला आणि १९४७ साली वैद्यकीय प्रयोगांचे नियम घालून देण्यात आले. ज्याच्यावर प्रयोग करावयाचा, त्याची राजीखुशीची संमती हा त्यांतील पहिला नियम होय. मृत्यूचा धोका दिसत असताना प्रयोग करूच नये, असेही एक कलम त्यांत आहे. मात्र प्रयोग करणारा डॉक्टर स्वतःच प्रयोगाचा विषय होत असेल, तर कदाचित अपवाद करता येईल, असे तेथे म्हटले आहे. ते वाचताना एबर्सवाल्डेच्या त्या जिन्यावरून हातात नळी लोंबत असता उतरणाऱ्या तरुणाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. त्याने दुसऱ्यास फसविले खरे. पण धोका दुसऱ्याच्या शिरेत उतरविला नाही, आपल्याच शिरेत उतरविला. त्याच्या साऱ्या आयुष्याचा हिशेब मांडताना ही एक नोंद कायम जमेच्या बाजूस राहील.

पुढे कधी आजोबांच्या किंवा वडिलांच्या मनगटावर पांढरी पट्टी दिसली आणि हृदयावर उपचार होऊन ते हसतमुखाने घरी आलेले दिसले, म्हणजे क्षणभर आपल्या मनगटावर बोट ठेवून पाहा. तेथे जी नाडी उडते, ती हृदयाकडे जाण्याच्या वाटेवरील पहिली पायरी आहे. ही वाट कित्येकांनी मिळून बांधली आणि हृदयापर्यंत वाट आहे, हे एका तरुणाने आपला जीव पणास लावून पहिल्यांदा सिद्ध केले.